‘पॉइंट फुकट’ म्हणणाऱ्याकडून बोअर मारून घेऊ नका

जत, मंगळवेढा, अक्कलकोट, इकडे अथणी, इंडी या पट्ट्यात यंदा कुणी बोअर मारायच्या विचारात असेल, तर त्याने हे आधी वाचावं आणि मग बोअर मारायची गाडी बोलवावी. आमचे सत्त्याहत्तर हजार गेले. पाणी लागलं नाही ही तक्रार नाही. पाणी लागणं-न लागणं कुणाच्या हातात नसतं. पण ते पैसे कसे काढले गेले ते कळल्यावर गप्प बसवत नाही.

साल २०१९. उन्हाळा कसा होता ते इकडच्यांना सांगायला नको. जत तालुक्याच्या पूर्वेला आमचं रान, डाळिंबाची बाग ऐन भरात आणि विहिरीत तळ दिसतोय. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आमच्या टोकाला आलं नव्हतं. टँकर विकत घेऊन झाडं जगवायची म्हणजे रोज पैसे मातीत ओतायचे. अशा वेळी बाजारपेठेतला मोटारी, पाइप आणि केसिंग, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून आत घालायचे पाइप, विकणारा दुकानदार आमच्या अण्णांना म्हणाला, “अण्णा, टँकरला घालताय ते एकदाच बोअरला घाला. पाणाड्या मी पाठवतो. पॉइंट फुकट.” पाणाड्या म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारा, आणि पॉइंट म्हणजे बोअर मारायला त्याने दाखवलेली जागा. दुकानदार सोयरिकीतला माणूस, लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसलेला. त्याला नाही कोण म्हणणार?

पाणाड्या आला तो हद्दीपलीकडून, विजापूरच्या बाजूने. आमच्याकडे निम्मा गाव कानडी, निम्मा मराठी, एकाच घरात सासू कानडी बोलते आणि सून मराठी, त्यामुळे पलीकडचा माणूस परका वाटत नाही. उलट थोडा जास्तच जाणता वाटतो. हा गडी पायाळू होता, पायाकडून जन्मलेला, म्हणजे तसं तो सांगायचा. वर रक्तगट ओ पॉझिटिव्ह, म्हणून नारळ त्याच्याच हातावर उठतो, असंही. जुन्या लोकांसाठी पायाळू, शिकलेल्यांसाठी रक्तगट. आम्ही दोन्ही प्रकारचे लोक बांधावर उभे होतो.

त्याने तळहातावर नारळ आडवा धरला आणि रानातून फिरायला लागला. एका ठिकाणी नारळ खरंच उभा राहिला. मग पिशवीतून एक पेटी काढली, दोन अँटेना, लाल-हिरवे दिवे. “जर्मन मशीन.” मशीननेही तीच जागा दाखवली. दाखवणारच, तोच धरून चालत होता की. जाता जाता वराहमिहिराचं नाव घेतलं, त्याच्या बृहत्संहिता या जुन्या ग्रंथात हे सगळं दिलंय म्हणाला. बृहत्संहितेत जमिनीखालच्या पाण्यावर एक अख्खा अध्याय आहे हे खरं. पण त्यात वारूळ कुठे आहे, कुठलं झाड कुठे उगवलंय, माती-दगड कसा लागतो अशा खुणा आहेत. बरोबर असोत की चूक, त्या डोळ्यांनी बघायच्या खुणा आहेत. आमच्या गड्याने ना वारूळ बघितलं ना झाड. शेजारच्या विहिरींना पाणी किती आहे हेसुद्धा विचारलं नाही.

“इल्ली नीर ऐत्री,” इथे पाणी आहे, असं कानडीत म्हणाला आणि चुन्याने फुली मारली. अडीचशे फुटांवर पहिला झरा, चारशेला दुसरा, दोन इंची पाणी. लागलं नाही तर नारळाचे एकवीसशे परत. फुकट म्हटलेल्या पॉइंटला एकवीसशे कसे, तर ती दक्षिणा. ती परत मिळायची हमी ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. आता कळतं, त्या एकवीसशेकडे नजर खिळून राहावी म्हणूनच ती हमी होती.

गाडी रात्री आली. तमिळनाडूचा नंबर, पोरं हिंदीत बोलणारी. दर आधी पंच्याहत्तर रुपये फूट सांगितला होता. तो पहिल्या तीनशे फुटांचा. पुढच्या शंभराला पंच्याऐंशी, त्यापुढे शंभर, मग एकशे वीस, सहाशेच्या खाली दीडशे. हे चढते दर सगळीकडेच असतात, त्यात लबाडी नाही. लबाडी कशात आहे ते पुढे येईल.

अडीचशेच्या सुमाराला धूळ उडायची थांबली आणि ओला चिखल वर आला. पाणाड्याने नारळ फोडला, अण्णांच्या डोळ्यांत पाणी. नंतर दुसऱ्या एका गाडीवाल्याने सांगितलं की धूळ बसवायला आणि चुरा वर आणायला हवेबरोबर वरूनच पाणी सोडतात. ते बंद करून पाच-दहा मिनिटं नुसती हवा मारली की खरं-खोटं कळतं. त्या रात्री कुणी बंद करून दाखवलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा कोरडा भुगा यायला लागला. चारशे झाले. “आता लाल माती लागंल, तिच्याखाली धार हाय.” लाल मातीचा थर लागलासुद्धा. धार नव्हती. “आणि शंभर मारा, इथवर आलाय तर सोडू नगा.” हे वाक्य प्रत्येक शंभराला आलं. पहाटे गाडी थांबली तेव्हा बिल होतं सहाशे वीस फुटांचं: छप्पन्न हजार. वर केसिंग साठ फूट, साडेतीनशेच्या भावाने एकवीस हजार.

धाकटा भाऊ रात्रभर गाडीजवळ उभा होता. त्याला सवय आहे, ऊस तोलतानाही काट्याजवळ उभा राहतो. वीस फुटी रॉड त्याने सत्तावीस मोजले होते. म्हणजे पाचशे चाळीस फूट. केसिंगचे पाइप आत गेले दोन, तिसरा गाडीवर परत चढला. हिशोब मांडला तर बोअरचे दहा हजार दोनशे आणि केसिंगचे सात हजार, असे सतरा हजार दोनशे सरळ हवेतले. भावाने तोंड उघडलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, भाषा समजत नाही. दुकानदार म्हणाला, “आत्ता पहाटेचं भांडू नका, मी बघतो.” पैसे रोख दिले गेले. पावतीवर दुकानाचं नाव नाही, गाडीचा नंबर नाही, फक्त आकडे.

पाणाड्याची कारणं तयार होती. गाडी फुलीपासून हातभर सरकून उभी राहिली. वरून विजेची तार गेलीय. आणि खाली झरा आहेच, पण शेजाऱ्याने खाली बोअर मारून ओढला. यातलं एकही कारण त्याने मारायच्या आधी सांगितलं नव्हतं. एकवीसशे मात्र दुसऱ्या दिवशी परत केले, चारचौघांत, वाकून नमस्कार करून. गावात म्हणतात, माणूस इमानदार आहे.

खरा हिशोब वर्षभराने कळला. त्या दुकानात पूर्वी कामाला असलेल्या आमच्याच गावच्या पोराने सांगितला. गाडीवाला दुकानदाराला फुटामागे कमिशन देतो आणि त्यातला वाटा पाणाड्याला जातो. फुटामागे. शंभर फुटांवर धो धो पाणी लागलं तर दोघांचं नुकसान. पाचशे-सहाशे कोरडं गेलं तर दोघांची कमाई. पाणी सांगणाऱ्याची मजुरी पाणी न लागण्यावर ठरलेली आहे, आणि तोच माणूस पहाटे तुमच्या खांद्यावर हात ठेवून “आणि शंभर” म्हणतो. एकवीसशे परत करायला त्याचं काय जातंय? केसिंग, मोटार, केबल दुकानदाराची, म्हणजे पाणी लागलं तरी त्याचा धंदा होतोच. लागलं नाही तर तो दुसरा पॉइंट विकतो.

दुसरा पॉइंट आमच्या चुलत्यांनी घेतला. ओढ्याच्या कडेला मारला आणि पाणी लागलं, इंचभर. कारंजं उडतानाचा व्हिडिओ पाणाड्याने त्याच दिवशी व्हॉट्सॲपला लावला. ओढ्याकाठी तिथे नारळाशिवायही पाणी लागलं असतं, पन्नास पावलांवर जुनी विहीर आहे. पुढच्या मार्चात तो बोअर गुळण्या टाकायला लागला आणि मग बंद पडला. तो व्हिडिओ अजून फिरतोय. आमच्या कोरड्या बोअरचा व्हिडिओ कुणी काढला नव्हता. या धंद्यातली कीर्ती अशीच वाढते.

नारळ मग उठतो कसा? पाणाड्या मुद्दाम उठवतोच असं नाही. हाताचे स्नायू मनातल्या अपेक्षेप्रमाणे नकळत हलतात, हे विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच मांडलं होतं. १९९० साली जर्मनीतल्या कासेल शहरात तीस पाणाड्यांची परीक्षा झाली. जमिनीखाली अर्ध्या मीटरवर प्लास्टिकचा पाइप, त्यातून पाणी कधी वाहतं ठेवायचं, कधी बंद. वाहतंय की नाही एवढंच त्यांनी सांगायचं. अटी सगळ्यांनी आधी मान्य केल्या होत्या. निकाल नाणं उडवून सांगावा तेवढाच आला. आणि दिव्यांच्या पेट्यांबद्दल सांगायचं तर २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये जेम्स मॅकॉर्मिकला दहा वर्षांची शिक्षा झाली ती अशाच यंत्रासाठी. मुठीत धरायचं, अँटेना आपोआप वळते म्हणायचं, आत काहीच नाही. हे एडीई ६५१ नावाचं यंत्र त्याने इराकला बॉम्ब शोधायला विकलं होतं. आमचे सत्त्याहत्तर हजारच गेले, तिथे माणसं गेली.

आपल्याकडे तर झरा, नस, पाताळगंगा हे शब्दच फसवे. आपल्या पायाखाली लाव्ह्याचे थर आहेत. पाणी असतं ते वरच्या कुजलेल्या खडकात, भेगांत, आणि दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात. मधला घट्ट काळा पाषाण म्हणजे पाणी न धरणारा दगड. तुम्ही कितीही खोल जा, भेग लागली तरच पाणी, आणि खाली जाल तशा भेगा कमी होत जातात. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटर, म्हणजे साधारण दोनशे फूट, यापेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातलेत, ते उगाच नाही. त्याच कायद्याप्रमाणे गाडीवाल्यांनी नोंदणीही करायची असते. नोंदणीचा कागद मागा. आमच्या रात्रीच्या पाहुण्यांकडे कुणी मागितला नव्हता.

सांगलीला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय आहे. प्रत्येक जिल्ह्याला असतं. अर्ज द्यायचा, फी भरायची, पक्की पावती घ्यायची. आमच्याकडे आलेल्या भूवैज्ञानिकाने आधी आजूबाजूच्या विहिरींची पातळी दोर टाकून बघितली, ओढ्याचा उतार बघितला, मग जमिनीत चार सळ्या ठोकून वीज सोडून खडकाचा रोध मोजला. ही पद्धत खात्रीची नाही, असं तोच म्हणाला. आणि शेवटी म्हणाला, “या चढावर बोअर मारू नका.” हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. पाणाड्याने “इथे पाणी नाही” असं सांगून दक्षिणा घेतल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का?

पैसे परत मिळवायला निघालो तेव्हा सीमाभागाचा खरा उपयोग कुणाला होतो ते कळलं. दुकानदार म्हणे मी फक्त गाडी बोलावली. गाडी कुठल्या कुठे गेलेली. पाणाड्या कर्नाटकात. पोलीस म्हणाले हा व्यवहाराचा वाद आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर दावा सांगितला तेव्हा दोन्हीकडून पुढाऱ्यांची रांग लागली होती. आमच्या सतरा हजारांवर मात्र कुणी दावा सांगितला नाही. तसं पाण्यावरून वेठीला धरणं या मातीला नवं नाही. १६७३ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या उमराणीला प्रतापराव गुजरांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाचं पाणी तोडलं आणि तहानेनेच त्याची फौज नमली. तेव्हा निदान समोर शत्रू उभा होता.

एक वाट आहे ती आम्हाला उशिरा कळली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, जो २०२० च्या जुलैपासून लागू झाला, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते; समोरचा कुठल्याही राज्यातला असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षं. पण त्यासाठी कागद लागतो. म्हणून गाडी रानात शिरण्याआधी दर, केसिंगचा भाव आणि कुठे थांबायचं तो आकडा कागदावर लिहून सही घ्या, गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा, पैसे ऑनलाइन द्या. रॉड मोजायला घरचा माणूस उभा करा आणि प्रत्येक रॉडला रेघ ओढा. बोअर झाल्यावर दोरीला दगड बांधून खोली मोजा, गाडी रानात असतानाच. आणि पाणाड्या आणायचाच असेल, घरातले वडीलधारे ऐकतच नसतील, तर त्याला स्वतःच आणा, दुकानदाराकडून नको, आणि पॉइंट दाखवून झाला की त्याला घरी पाठवा. बोअर चालू असताना तो तिथे नको.

राहता राहिलं ते भोक. कोरडा बोअर बुजवायचा असतो हे दुकानदार किंवा पाणाड्या सांगत नाही, कारण त्यात फुटामागचं कमिशन मिळत नाही. उघड्या बोअरमध्ये पोरं पडल्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सूचना दिल्यात: सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगड-गोट्यांनी भरायचा. वर फरशी किंवा पोतं टाकून भागत नाही. आमचा भरला, दोन ट्रॉल्या मुरूम गेला. चुलत्यांचा ओढ्याकाठचा अजून उघडाच आहे, वर एक घमेलं पालथं घातलंय. या आठवड्यात तिथे ट्रॉली पाठवतो आहोत.