डायनोच्या कागदावरचे २२ पीएस आणि माझे ५०,५००

रीमॅपचे (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलणं) ३४,०००, इनटेकचे (इंजिनात हवा घेणारा भाग) १२,५००, डायनोचे (रोलरवर गाडी पळवून ताकद मोजणारं यंत्र) ४,०००. एकूण ५०,५००, पावती साध्या कागदावर, जीएसटी नाही. हो, तेव्हाच उठायला हवं होतं. पण मी काही यूट्यूब बघून गेलेलो नव्हतो, मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे माझा. त्याचीच जास्त लाज वाटते.

गाडी पोलो १.० टीएसआय. कंपनीचा दावा ११० पीएस (ताकदीचं एकक, जवळपास हॉर्सपॉवरच), तोही इंजिनला; चाकांपर्यंत येताना थोडी गळतेच. पुण्यातल्या त्या गॅरेजात आधीचा रन आला चाकांवर ९६.२. रीमॅपनंतर ११७.९. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मी पेढे मागवले. पेढे!

कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं: पहिल्यावर सीएफ १.००, दुसऱ्यावर सीएफ १.१३, एसटीडी. सीएफ म्हणजे करेक्शन फॅक्टर, हवेचं तापमान आणि दाब बघून मोजलेल्या ताकदीला ज्यानं गुणतात तो आकडा; एसटीडी हे तो काढायचं एक प्रमाण. तापमान ४६. बाहेर ३७ होतं हो! दुसऱ्या रनच्या आधी पोरानं तापमानाचा प्रोब (सेन्सर) रेडिएटरपाशी लटकवला, माझ्या डोळ्यांदेखत; हवा जितकी गरम दिसेल तितका सीएफ वाढतो. मी विचारलंही. "दादा, इथंच असतो तो." मी मान डोलावली. ही मान अजून दुखते.

१.१३ ने भागा: १०४.३. म्हणजे वाढ २२ नाही, ८. एका पीएसला सव्वासहा हजार.

नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनला करेक्शन लागतं, कबूल. पुणं साधारण ५६० मीटरवर, हवा विरळ, ताकद खरंच कमी पडते. पण माझ्या पोलोसारख्या टर्बोत (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) सांभाळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) ठरलेला दाब आणतोच, विरळ हवेची तूट टर्बोनं बऱ्यापैकी भरून काढलेली असते. त्यावर पुन्हा पूर्ण करेक्शन लावणं म्हणजे एकच बिल दोनदा वसूल करणं. त्यात एसटीडी १५.५ अंश आणि १०१३ मिलिबार धरतं, म्हणून आकडा एसएई जे१३४९ या दुसऱ्या प्रमाणापेक्षा (२५ अंश, ९९० मिलिबार) आणखी फुगतो. रन करायच्या आधीच सांगा, दोन्ही कागद अनकरेक्टेड (करेक्शन न लावलेले) द्या. गॅरेजवाला नाही म्हणाला तर चावी घ्या आणि निघा.

फसलो हे कळलं खंबाटकी घाटात. मित्राची तीच पोलो, काहीही न केलेली, शेवटच्या वळणापर्यंत माझ्या मागे चिकटून होती.

चौकीत गेलो. साहेबांनी कागद उलटा धरला. "गाडी चालते ना? मग फसवणूक कसली?" ग्राहक हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं धून ऐकली, मग पर्याय आला "वाहन: सर्व्हिसिंग", त्यापुढे काहीच नाही. परिवहन कार्यालयात तर उलटंच झालं: "इंजिनात फेरफार केलाय? लेखी द्या, म्हणजे आधी तुमच्यावर कारवाई करतो." फसलेल्यानंच गुन्हेगारासारखं मागच्या दारानं बाहेर पडायचं! गॅरेजवाल्याला हे सगळं पाठ असणार, म्हणून तर तो फोनवर इतका शांत.

आणि रनची मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या, प्रिंटवर जाऊ नका. प्रोब कुठे लावतात त्याचा फोटो काढा, पोरगं चिडलं तरी चालेल. वॉरंटीचं बोलायलाच नको, ती माझी गेली.

काल गॅरेजवाल्याचा मेसेज आला, पुढचा रन फुकट देतो म्हणे. मी उत्तर दिलेलं नाही. दोन्ही कागद जपून ठेवलेत, कुणाला बघायचे असतील तर सांगा.