सात हिऱ्यांच्या जुन्या कुड्या

पुण्यातील एका जुन्या सराफी पेढीतून गेल्या महिन्यात हिऱ्यांच्या कुड्यांचा जुना जोड घेतला. मधल्या हिऱ्याभोवती सहा, ही मांडणी नेहमीचीच; परंतु पैलू हाताने पाडलेले असल्यामुळे सातही हिरे एकमेकांहून किंचित वेगळे आहेत. भिंगातून पाहता माथ्याचा सपाट पैलू लहान, वरचा भाग उंच आणि तळाचे टोक छाटलेले दिसते. त्यामुळे दुकानातील दिव्यांखाली ते आजच्या हिऱ्यांइतके लखलखत नाहीत, मात्र समईच्या उजेडात त्यांतून रुंद, संथ ठिणग्या उठतात, आणि खरे सांगायचे तर मी पैसे त्याचेच मोजले. कोंदण मागून बंद असून आत डाक, म्हणजे चमक वाढविण्यासाठी हिऱ्यामागे ठेवलेला धातूचा पातळ वर्ख, आहे, तेव्हा पाण्यात बुडवू नका, असे पेढीवरील काकांनी आपणहून सांगितले. ‘गोवळकोंड्याचे हिरे’ हे त्यांचे म्हणणे मात्र मी सोडून दिले. १७२०च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला ते प्रामुख्याने भारतच पुरवीत असला, तरी कागदाविना असा दावा मानता येत नाही. एका कुडीची फिरकी नंतर बदललेली आहे, हे घरी आल्यावर लक्षात आले. त्यांनी ती विनामूल्य नीट करून दिली, पण विकतानाच सांगायला हवे होते.