शिवाजी पार्कच्या जुन्या बिल्डिंगमध्ये अकरा महिने: राहून आलेला अनुभव

करार संपायला तीन आठवडे उरलेत आणि मालकांनी विचारलंय रिन्यू करताय का, म्हणून म्हटलं आधी सगळं लिहून काढू. गेल्या जूनमध्ये आम्ही ठाण्याचा चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून शिवाजी पार्कला राहायला आलो, मैदानापासून दोन गल्ल्या आत, दुसरा मजला. मी, नवरा, पाचवीतला मुलगा आणि सासूबाई. बिल्डिंग १९३८ची, तळमजला आणि वर दोन मजले, लिफ्ट नाही. इथली जुनी माणसं अजून फ्लॅट म्हणत नाहीत, ब्लॉक म्हणतात.

खरं सांगते, पहिल्यांदा बघायला आलो तेव्हा मी जिन्यावरच भाळले. वळत वर जाणारा सागवानी कठडा, इतक्या वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेला, आणि प्रत्येक वळणावरच्या खिडकीला उगवत्या सूर्याच्या किरणांची लोखंडी जाळी. सकाळी त्या किरणांची सावली पायऱ्यांवर पडते. बाल्कनी कोपऱ्यावर गोल वळवलेली, जहाजाच्या डेकसारखी. बांधकामाच्या ह्या शैलीला आर्ट डेको म्हणतात हे मला तेव्हा फक्त ऐकून माहीत होतं. ज्या १९२५च्या पॅरिस प्रदर्शनावरून हे नाव आलं त्याच वर्षी इकडे हे मैदान माहीम पार्क म्हणून लोकांना खुलं झालं, आणि १९२७ला, त्या वेळच्या हिशोबाने महाराजांच्या जन्माची ३०० वर्षं धरून, नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने त्याचं शिवाजी पार्क झालं. 'आर्ट डेको' हा शब्द मात्र १९६०नंतरच रुळला, म्हणजे ज्यांनी ही घरं बांधली आणि जे पहिल्यांदा राहायला आले त्यांच्यासाठी ती नुसती नवी, हवेशीर, संडास-बाथरूम आत असलेली घरं होती. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ला शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आली, दादर-माटुंग्याकडे आखीव रस्ते पडले, बिल्डिंगभोवती मोकळी जागा सोडायची असं ठरलं, ते सगळं आज माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. शेजारची बिल्डिंग हाताला लागत नाही, मध्ये आंब्याचं झाड उभं आहे.

पण फोटोतला देखणेपणा एक आणि पावसात राहणं वेगळं. ह्या घराने मला खरं जिंकलं ते जुलैत. प्रत्येक खिडकीवर सिमेंटचा छज्जा आहे आणि तो एकेका खिडकीपुरता न थांबता भिंतीवरून सलग कोपरा वळून पुढे जातो, लांबून बघितलं तर नुसती डिझाइनची रेघ वाटते. तर धो धो पाऊस पडत असताना मी खिडकी उघडी ठेवून भाजी चिरत बसायचे आणि आत थेंब नाही! ठाण्यात पाऊस आला की आधी स्लायडिंग बंद, मग घुसमट, मग एसी. इथे दारांच्या वर झडपा आहेत, छत अकरा फूट (मी टेपने मोजलंय), गरम हवा वर जाते आणि झडपेतून बाहेर पडते, दुपारी केडेल रोडच्या (आताचा सावरकर मार्ग) पलीकडून समुद्राचं वारं आलं की पुढच्या खोलीतून मागच्या मोरीपर्यंत घर भरून जातं. एप्रिल-मे सोडला तर एसी लावावा लागला नाही. लावला की मात्र इतक्या उंच खोल्या थंड व्हायला वेळ लागतो.

फरशीबद्दल लिहिलंच पाहिजे. पुढच्या खोलीत जुन्या सिमेंटच्या नक्षीच्या टाइल्स आहेत, लाल-हिरव्या, मध्ये फुलं आणि कडेने पट्टा, जणू सतरंजी अंथरलीय. अनवाणी चाललं की पायाला जे गार लागतं ते व्हिट्रिफाइडला कधीच लागलं नाही. फक्त अॅसिडने पुसायची नाही, रंग उडतो आणि टाइल खडबडीत होते.

आता त्रास. लाकडी खिडक्या पावसात फुगतात, ऑगस्टमध्ये आमच्या दोन खिडक्या मिटेनात आणि एक मिटली ती उघडेना. सुताराला बोलावलं तर तो म्हणाला आत्ता रंधा मारू नका, लाकूड सुकलं की फट पडेल, थांबा नवरात्रापर्यंत. ऐकलं, आणि बरोबर निघालं. मग त्याने बिजागऱ्या काढून तेल दिलं, फटींत लांबी (पुटी) भरली, आता मुलगा एका बोटाने उघडतो. मालक आधी म्हणत होते सगळं काढून अॅल्युमिनियम लावू, मी हात जोडून नको म्हटलं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बाल्कनीच्या खालचे पोपडे. सप्टेंबरमध्ये एक मोठा तुकडा खाली कंपाउंडमध्ये पडला, नशीब तिथे कुणी नव्हतं. समुद्राची खारी हवा काँक्रीटच्या आतल्या सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट उखडून टाकतो. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने वरून प्लॅस्टर थापलं आणि पैसे घेऊन गेला, महिन्याभरात तेच परत सुटलं. दुसऱ्याने सळई उघडी पडेपर्यंत फोडलं, गंज घासून काढला, अँटी-रस्टचा हात मारला आणि मग भरलं, ते अजून ठाम आहे. घर बघायला जाल तेव्हा बाल्कनीखाली उभं राहून वर बघा. तांबूस लांब भेगा दिसल्या तर आत हेच चाललंय.

वायरिंगचंही तसंच, गीझर आणि ओव्हन एकदम लावला की फ्यूज, शेवटी मीटरपासून वेगळी लाइन ओढून घेतली.

एक गोष्ट मनात राहिलीय. बिल्डिंगला मागून दुसरा अरुंद जिना आहे, संडासाच्या बाजूला उघडणारा. मला वाटलं आगीसाठी असेल. तळमजल्यावरच्या काकांनी सांगितलं, सफाई करणाऱ्या माणसाला घरातून यायला लागू नये म्हणून. ते ऐकल्यापासून पुढचा जिना बघताना मागचाही आठवतो, आणि आठवायलाच हवा. इथून चालत थोड्या अंतरावर चैत्यभूमी आहे. ६ डिसेंबरला लाखो माणसं येतात, मैदानभर पुस्तकांचे स्टॉल लागतात. मी मुलाला घेऊन गेले, दोन पिशव्या भरून पुस्तकं आणली, आणि घरी आल्यावर त्याला तो मागचा जिना दाखवून सगळं सांगितलं.

पार्क २८ एकर आहे, त्याच्या कडेच्या कट्ट्याची एक फेरी सव्वा किलोमीटरला थोडी कमी. मुलगा शाळेतून आला की बॅट घेऊन पळतो, एका वेळी इतक्या मॅच चालू असतात की कुठला बॉल कुणाचा हे त्यांनाच कळतं. मात्र मार्च-एप्रिलमध्ये लाल माती उडते, दिवसातून दोनदा पुसलं तरी टीपॉयवर बोट फिरवलं की रेघ उमटते, ज्यांना दमा आहे त्यांनी ह्याचा विचार आधी करा. दसऱ्याला, पाडव्याला सभा असली की गाडी बाहेर काढायची नाही. पार्किंग तसंही नाहीच.

सासूबाईंची मला सगळ्यात जास्त काळजी होती, गुडघे दुखतात आणि जिने दोन. पहिले दोन महिने त्या फारशा उतरल्याच नाहीत, मलाच वाईट वाटायचं. पण त्या बाल्कनीत बसायच्या आणि दुसऱ्या मजल्यावरून खाली माणसाचा चेहरा दिसतो, आवाज पोचतो. आधी भाजीवाल्याशी बोलणं सुरू झालं, मग समोरच्या बाल्कनीतल्या आजींशी, मग दोघींनी ठरवून संध्याकाळी कट्ट्यावर जायला सुरुवात केली, प्रत्येक वळणावर थांबत. चौदाव्या मजल्यावर त्या सहा वर्षं राहिल्या आणि तिथे शेजारच्या दाराआडच्या बाईचं नावही त्यांना माहीत नव्हतं.

भाड्याने घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं: घर देणारा मालक आहे की पगडीवाला, म्हणजे पगडी देऊन राहणारा जुना भाडेकरू, ते आधी विचारा, पगडीवाला असेल तर मालकाची लेखी परवानगी बघा. आणि रिडेव्हलपमेंट निघालं तर आमच्यासारख्या अकरा महिन्यांच्या करारावरच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्याला त्यात काही मिळत नाही, निघावं लागतं. आमच्याच गल्लीत दोन बिल्डिंगना निळे पत्रे लागलेत. एकीच्या गेटवर सिमेंटच्या उठावात कोरलेलं नाव होतं, पत्रे लागायच्या आधी मी त्याचा फोटो काढून ठेवलाय. आमच्याकडेही मीटिंगा चालू आहेत, वरचेवर ओल आणि पोपडे सहन करून दमलेल्या माणसांना मी चूक म्हणू शकत नाही, त्यांना लिफ्ट हवीय आणि ती हवीच.

आम्ही अजून अकरा महिने घेतोय. मालकांना एकच अट सांगितलीय, जूनच्या आत गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून द्या. सुतार गुरुवारी येतोय, स्वयंपाकघराची एक खिडकी राहिलीय.