कॉन्सेप्ट२ रोअर्ग: संघनिवडीच्या तयारीसाठी घ्यावं का?

घ्यावं. रोअर्ग म्हणजे कॉन्सेप्ट२ कंपनीचं, जमिनीवर बसून वल्ही मारायचं रोइंग मशिन. पण पोट कमी करायला मशिन शोधणाऱ्यांसाठी हे लिहीत नाहीये. ज्यांना राष्ट्रीय संघात शिरून जागतिक स्पर्धेत वल्ही मारायची आहेत, त्यांच्यासाठी आहे. मी लाइटवेटची, म्हणजे ५९ किलोंच्या आत वजन दाबून ठेवणारी. या मशिनवर माझं प्रेम कधीच नव्हतं, तरी कुणी विचारलं तर याचंच नाव सांगते.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत एका प्रकारात एका देशाची एकच बोट उतरते, त्यामुळे खरी चुरस आधी आपापसातच होते. वेगवेगळ्या पाण्यावर, वेगवेगळ्या वाऱ्यात सराव करणाऱ्यांना एकाच मापाने मोजायचं तर निवड समिती अर्गोवर, म्हणजे अशा रोइंग मशिनवर, दोन हजार मीटर ओढायला लावते, आणि बहुतेक ठिकाणी तो अर्गो हाच असतो. ऑलिंपिकचा कोटासुद्धा देशाच्या नावावर जमा होतो, खेळाडूच्या नाही. बोट पात्र ठरवून आलेल्यालाही पुन्हा याच सीटवर बसवलं जाऊ शकतं. पाण्याची टाकी असलेली मशिन्स दिसतात छान, आवाजही गोड. पण त्यांचे आकडे इथे जुळत नाहीत, मग उपयोग काय?

नवखा माणूस आला की आधी डॅम्परचा, म्हणजे चाकाच्या बाजूचा १ ते १० आकड्यांचा, खटका १० वर नेतो. खटक्याने फक्त फ्लायव्हीलच्या (ओढल्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या चाकाच्या) जाळीत हवा किती शिरणार ते ठरतं. बघायचा तो ड्रॅग फॅक्टर, म्हणजे हवा चाकाला प्रत्यक्षात किती अडवते त्याचा आकडा; तो मशिनच्या पीएम५ मॉनिटरच्या मेनूत सापडतो. जाळीत धूळ साठली की तोच ५ चा खटका हलका लागतो. मॉनिटर मात्र रिकव्हरीत, म्हणजे ओढून झाल्यावर पुन्हा पुढे सरकताना, चाक किती मंदावलं त्यावरून दर स्ट्रोकला हिशेब करतो, म्हणून वेळेत लबाडी होत नाही. माझा ड्रॅग ११० च्या आसपास असतो. चाचणीत ड्रॅग ठरवून देणार असतील तर आधीच विचारून घ्या आणि त्यावरच सराव करा.

स्प्लिटसोबत (५०० मीटरला लागणाऱ्या वेळेसोबत) वॉट, म्हणजे लावलेली ताकद, बघायची सवय लावा. दोन हजार मीटर ८:०० मध्ये म्हणजे सरासरी २०३ वॉट, ७:५० साठी २१६. पुढे ७:२० ला २६३ लागतात आणि ७:१० ला २८२. तेच दहा सेकंद, पण आधी १३ वॉटला मिळत होते, आता १९ ला. "अजून थोडं ओढ गं" म्हणणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाला हे पाठ असायला हवं.

आता माझा राग. अंगाचं वजन बोटीला पाण्यात खाली दाबतं, मशिनला त्याचं काही देणंघेणं नाही. त्यामुळे धिप्पाड खेळाडू इथे फायद्यात. कॅच (वल्हं पाण्यात घालायचा क्षण) चुकला, बोट कलली, वल्हं पाण्यात अडकलं, यातलं काहीच स्क्रीनवर उमटत नाही. ते कळतं सीट रेसमध्ये: दोन बोटींतली माणसं अदलाबदल करून पुन्हा शर्यत लावली की कुणामुळे बोट पळते ते उघड होतं. पण तिथवर पोचायला आधी अर्गोचा आकडा लागतो! १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये असलेला लाइटवेट गट पॅरिस २०२४ नंतर गेला, म्हणजे आता आम्ही हलक्या थेट थोराड मुलींसमोर. कंपनीच्या संकेतस्थळावर वजनानुसार वेळ काढून देणारं गणकयंत्र आहे. निवड समितीला दाखवून बघा, ऐकलं तर तुमचं नशीब. २०२८ च्या ऑलिंपिकची शर्यत १५०० मीटरची आहे, तेव्हा तेही अंतर लावून ओढत जा.

बाकी किरकोळ. लांबी आठ फूट, पण पाना-स्क्रूड्रायव्हर न लागता दोन भाग होतात. पंख्याचा आवाज मोठा, शेजारी झोपलेले असतील तर पहाटेचा सराव विसरा. रोज सीट सरकते तो रूळ पुसायचा, साधारण ५० तासांनी साखळीला तेल द्यायचं.

पैसे उरले तर खाली लावायच्या स्लाइड्स घ्या. मशिन मागेपुढे सरकतं, ताल पाण्यावरच्या जवळ जातो आणि कंबर वाचते. चाचणी बहुधा जमिनीवर टेकलेल्या मशिनवरच होते, त्यामुळे तारीख जवळ आली की काढून ठेवा.