व्हीएमडीमधील ‘रिप्रेझेंटेशन्स’: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी प्रथिनांची रचना पाहण्यासाठी व्हीएमडी हे इलिनॉय विद्यापीठात तयार झालेले सॉफ्टवेअर जवळजवळ रोज वापरत आहे. इथे त्यातल्या ‘ग्राफिकल रिप्रेझेंटेशन्स’ या एकाच विंडोविषयी लिहितो, कारण रेणू नुसता दिसणार की समजणार हे तिथेच ठरते, असे माझे मत झाले आहे.

माझे बहुतेक काम एचआयव्हीच्या प्रोटिएझवर, म्हणजे विषाणूची प्रथिने कापणाऱ्या त्याच्या विकरावर आहे. इंडिनाव्हिर हे औषध बसलेली, पीडीबी या सार्वजनिक रचनासंग्रहातली त्याची १एचएसजी ही रचना उघडली की आधी १,६८६ अणूंचा रेषांचा गुंता आणि पाण्याचे सुटे ठिपके दिसतात. तो गुंता सोडवायचा तर कोणते अणू, कोणता रंग आणि कोणती शैली हे सांगणाऱ्या ओळी एकामागून एक जोडाव्या लागतात. प्रथिनाच्या दोन्ही साखळ्या मी ‘न्यूकार्टून’ या फितीसारख्या शैलीमध्ये वेगवेगळ्या रंगांत ठेवतो, औषध ‘लिकरिस’ या काड्यांच्या शैलीमध्ये घेतो आणि दोन्ही साखळ्यांतले २५ क्रमांकाचे अ‍ॅस्पार्टेट हे अमिनो आम्ल वेगळ्या ओळीत दाखवतो. औषधापासून ५ अँग्स्ट्रॉमच्या (एक अँग्स्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आतले अणू निवडताना सुरुवातीला माझ्या चित्रात अमिनो आम्लांचे अर्धवट तुकडे येत असत. निवडीच्या आधी ‘सेम रेसिड्यू अ‍ॅज’ हे शब्द घातल्यावर अख्खे रेसिड्यू, म्हणजे साखळीतले पूर्ण अमिनो आम्ल, दिसू लागले.

या पद्धतीचा खरा लाभ मला पाण्याच्या एका रेणूने दाखवला. या रचनेतल्या १२७ पाण्यांपैकी एक पाणी दोन्ही फ्लॅपवरचे (औषधावर झाकणासारख्या येणाऱ्या भागांवरचे) ५० क्रमांकाचे आयसोल्युसिन आणि औषध यांच्यामध्ये पुलासारखे बसलेले आहे. केवळ प्रथिनाचे कार्टून पाहणाऱ्याला ते दिसतच नाही आणि सगळे अणू भरीव गोळ्यांनी दाखवले तर ते गर्दीत झाकले जाते. औषधाजवळच्या पाण्यांसाठी स्वतंत्र ओळ केल्यावर मात्र ते लगेच नजरेत भरले. याच पाण्याची जागा घेतील असे चक्रीय युरिया वर्गातले रेणू संशोधकांनी मुद्दाम रचले, हे वाचलेले होते. त्यामागचा विचार मला त्या दिवशी डोळ्यांनी कळला.

त्याच उत्साहात मी ‘एचबाँड्स’ ही हायड्रोजन बंध तुटक रेघांनी दाखवणारी शैली निवडली, तर एकही तुटक रेघ उमटली नाही. क्ष-किरणांनी ठरवलेल्या या २ अँग्स्ट्रॉम विभेदनाच्या रचनेत हायड्रोजनचे अणू नोंदलेले नाहीत आणि व्हीएमडीला बंध काढण्यासाठी दाता (हायड्रोजन धरून असलेला अणू), हायड्रोजन आणि ग्राही (त्याला ओढणारा अणू) यांच्यातला कोन लागतो, हे त्याचे कारण. हायड्रोजन जोडल्यानंतरही ३ अँग्स्ट्रॉम अंतर आणि २० अंश कोन या मूळ मर्यादा मला फार कडक वाटतात. रेघ नाही म्हणून बंध नाही, असा निष्कर्ष आता मी काढत नाही.

सिम्युलेशनची ट्रॅजेक्टरी, म्हणजे संगणकावर अनुकरण केलेल्या रेणूच्या हालचालीची फ्रेमगणिक नोंद, पाहताना अधिक जपावे लागते. ‘ट्रॅजेक्टरी’ या टॅबमध्ये प्रत्येक फ्रेमला निवड नव्याने करण्याची खूण केली नाही, तर पहिल्यांदा जवळ असलेले पाणी दूर निघून गेले तरी तेच दाखवले जाते. दुय्यम रचनाही (साखळीच्या हेलिक्ससारख्या मळसूत्री वा पट्टीसारख्या घड्या) प्रत्येक फ्रेमला आपोआप मोजली जात नाही. हे ठाऊक नसताना ‘हेलिक्स शेवटपर्यंत टिकली’ असे मी वहीत लिहून ठेवले होते. ती नव्याने मोजल्यावर टोकाकडचा भाग सैल झालेला आढळला आणि नोंद खोडावी लागली. बंधांची माहिती नसलेल्या फाइलमध्ये बंधही अणूंमधल्या अंतरावरून अंदाजाने काढलेले असतात, त्यामुळे पडद्यावरची काडी हा रासायनिक पुरावा मानता येत नाही.

रेणूचा पृष्ठभाग दाखवण्यासाठी ‘क्विकसर्फ’ हा पर्याय वेगवान आहे आणि मोठ्या संकुलांसाठी मला तोच आवडतो. पण त्याचा आकार त्रिज्येच्या सेटिंगप्रमाणे फुगतो किंवा आक्रसतो, म्हणून औषधाच्या खोबणीबद्दल बोलताना मी ‘एमएसएमएस’ हा पृष्ठभागाचा दुसरा पर्याय घेतो. रंग आणि मटेरियल यांबाबत माझी काही तक्रार नाही.

सगळ्या ओळी जमल्या की ‘सेव्ह व्हिज्युअलायझेशन स्टेट’ने त्या ठेवता येतात. ही साधी मजकुराची फाइल असते आणि तिच्यात रचनेच्या फाइलचा पत्ता लिहिलेला असतो. फोल्डर हलवला तर तो पत्ता हाताने दुरुस्त करावा लागतो. मी आता प्रत्येक आकृतीसोबत ही फाइल जपतो आणि आकृतीखाली निवडीचे शब्द जसेच्या तसे लिहितो, म्हणजे त्या चित्रातून काय वगळले आहे हे पाहणाऱ्यालाही तपासता येते.