नेरुळमध्ये घरी येऊन दाखवलेलं 'अल्कलाइन' पाण्याचं मशीन : घेऊ नका

मशीन १ लाख ३५ हजारांचं. गेल्या रविवारी विक्रेता घरी आला, सासूबाईंच्या शुगरचं ऐकून त्यांच्याच शेजारी बसला आणि म्हणाला, "आई, तीन महिन्यांत गोळ्या सुटतील." याचा मला फार राग आला.

मग त्याने आमच्या नळाच्या पाण्यात दोन सळ्या सोडून वीज लावली. पाणी तपकिरी, वर फेस. आरओच्या पाण्याला मात्र काही झालं नाही. सासूबाई घाबरल्या. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत १९ वर्षं काम करते. त्याच्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ ढवळलं आणि म्हटलं, आता लावा. तेही तपकिरी झालं. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नाही, लोखंडी सळी झिजून तयार झालेल्या गंजाचा आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, आरओत ते जवळपास नसतात, एवढाच फरक. मोरबे धरणाचं आमचं पाणी त्याने उगाच बदनाम केलं.

अल्कलाइन, म्हणजे पीएच (पदार्थ किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) ९.५ चं पाणी जठरात गेलं की तिथल्या आम्लात त्याचा अल्कलीपणा संपतो. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ च राहतो. ते काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. भारतीय मानक आयएस १०५०० मध्येही पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ दिला आहे.

मशीन दिसायला छान आहे, माणूसही नम्र होता. पण सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी घेतलीच नव्हती, डबीत तशीच सापडली.