माला-एनचे अकरा महिने: नवरा सुरतला, गोळी मात्र रोज

"तो तं सुरतमा शे, मंग गोयी कसाले?" मी माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या त्या पहिल्याच महिन्यात शेजारच्या वहिनींनी मला हे विचारलं होतं. आमच्या अमळनेरच्या गल्लीत बऱ्याच घरांत हीच परिस्थिती. नवरा सुरतेत यंत्रमागावर, पंधरा दिवसांनी नाहीतर महिन्याने गाडीने येणार, दोन रात्री राहून परत जाणार. त्यामुळे बायकांचा हिशेब सरळ असतो: तो आला की गोळी, तो गेला की बंद. वहिनींनी आधी तसंच केलं होतं आणि त्यांना तिसऱ्यांदा दिवस गेले होते. गावभर "गोळ्या बेकार असतात" असं झालं. गोळ्या बेकार नव्हत्या, हे मला स्वतः वापरल्यावर नीट कळलं, म्हणून एवढं लिहिते आहे.

मी गेल्या वर्षी गणपतीनंतर सुरू केल्या. धाकटा तेव्हा सव्वा वर्षाचा होता. (बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजत असाल तर ही गोळी देत नाहीत, दुधावर परिणाम होतो.) सरकारी दवाखान्यात मॅडमनी आधी बीपी बघितला. मग विचारलं, विडी-सिगारेट ओढता का, पायाच्या शिरेत कधी गाठ झाली होती का, काविळीचा किंवा लिव्हरचा त्रास आहे का, डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येतात का. यातलं काही असेल तर सहसा ही गोळी देत नाहीत, कारण त्यातल्या काहींमध्ये रक्ताच्या गाठीचा आणि लकव्याचा धोका वाढतो. टीबीचं औषध चालू आहे का, हेही विचारलं. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे गोळीचा जोर कमी होतो. मेडिकलवरून परस्पर पाकीट उचललं तर हे प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून पहिल्यांदा तरी दवाखान्यात जाच.

पाकिटात २८ गोळ्या. २१ पांढऱ्या, त्या खऱ्या कामाच्या. प्रत्येकीत लिवोनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिओल ०.०३ मिलिग्रॅम, ही दोन हार्मोनं. उरलेल्या सात वेगळ्या रंगाच्या, त्या नुसत्या लोहाच्या. पाळी त्या सात दिवसांत येते. दवाखान्यात पाकीट फुकट मिळतं. मेडिकलवर माला-डी मिळते, ती थोड्या पैशांत, औषध तेच.

आता मुख्य गोष्ट. मला वाटायचं, गोळी पोटात जाऊन बीज मारून टाकत असेल. तसं काही नाही. दर महिन्याला मेंदूतली एक ग्रंथी अंडाशयाला निरोप धाडते, मग तिथे एक बीज पिकतं आणि सुटतं. गोळीतल्या हार्मोनमुळे तो निरोपच जात नाही, आणि बीज सुटतच नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव घट्ट होतो, त्यातून शुक्राणूंना वर जायला वाट मिळत नाही. पण अंडाशय असं शांत व्हायला सलग सात दिवस गोळ्या लागतात. नवरा शनिवारी आला आणि शनिवार-रविवार दोन गोळ्या खाल्ल्या, तर अंडाशयाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यातून शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात. नवरा सोमवारच्या गाडीने गेला आणि बीज बुधवारी सुटलं, तरी दिवस जाऊ शकतात. वहिनींचं नेमकं हेच झालं असणार. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या.

पहिले दोन महिने मला सोपे गेले नाहीत. सकाळी घेत होते तेव्हा मळमळायचं, भाकरीच्या वासानेसुद्धा. रात्री जेवणानंतर घ्यायला लागले आणि आठ-दहा दिवसांत ते थांबलं. दुसऱ्या पाकिटात मध्येच डाग पडले. घाबरून आशाताईंना विचारलं, त्या म्हणाल्या, पहिले तीन महिने असं होतं, गोळी सोडू नकोस. तिसऱ्या पाकिटापासून डाग नाहीत. आधी पाळी सहा दिवस चालायची आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसावं लागायचं. आता तीन-साडेतीन दिवस, पोटदुखी जवळजवळ नाही. शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला हे केवढं मोठं आहे, ते तिलाच कळेल. वजन माझं होतं तेवढंच आहे.

माझी चूक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला झाली. शिरपूरला माहेरी गेले, पाकीट दोऱ्याच्या डब्यातच राहिलं. झोके, गाणी, बहिणी, या सगळ्यात दोन गोळ्या बुडाल्या. एक बुडाली तर आठवेल तेव्हा घ्यायची आणि पुढची वेळेवर, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त बुडाल्या तर शेवटची बुडालेली लगेच घ्यायची, बाकी रोजच्याप्रमाणे, आणि पुढचे सात दिवस निरोध वापरायचा. बुडालेल्या गोळ्या पांढऱ्यांच्या तिसऱ्या आठवड्यातल्या असतील तर लोहाच्या गोळ्या सोडून सरळ नवं पाकीट चालू करायचं. मी तेव्हा दुसऱ्या आठवड्यात होते. हे त्या रविवारी आले, मी स्पष्ट सांगितलं, त्यांनी ऐकलं. पाळी वेळेवर आली, पण तोवर जीव टांगणीला लागला होता. सगळ्यात वाईट म्हणजे नवं पाकीट उशिरा सुरू करणं. लोहाचे सात दिवस हार्मोन नसतातच, त्यात आणखी दोन दिवस वाढले की बीज पिकायला लागतं. म्हणून मी पुढचं पाकीट आधीच आणून ठेवते.

नुकताच आमचा खानदेशातला कानबाईचा सण झाला. रोटाच्या नैवेद्याच्या रविवारीच पाळी येणार होती. आमच्याकडे बायका अशा वेळी मेडिकलवरून पाळी पुढे ढकलायची गोळी आणतात. ती गोळी वेगळी, तिने गर्भ राहायचं थांबत नाही. मी मॅडमना विचारून लोहाच्या गोळ्या घेतल्याच नाहीत, शेवटची पांढरी गोळी संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नवं पाकीट धरलं. पाळी आली नाही, संरक्षणही तुटलं नाही. सासूबाईंना वाटलं, रक्त आत साठेल. पण गोळी चालू असताना गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं, साठायला काही नसतंच. गोळ्या पोटात जमून गोळा होतो, पुढे मूल होत नाही, हेही त्यांनी कुठून तरी ऐकलेलं. गोळी बंद केली की बहुतेकींना एक-दोन महिन्यांत बीज सुटायला लागतं.

नीट घेतली तर वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत. विसरत-विसरत घेतली तर साधारण सातजणींना जातात. माझ्या मोबाइलवर रात्री साडेनऊचा गजर आहे, हे घरी असोत किंवा सुरतला. एक लक्षात असू द्या, गुप्तरोगापासून ही गोळी वाचवत नाही, त्याला निरोधच लागतो.

वहिनींचं बाळ आता आठ महिन्यांचं आहे. गेल्या आठवड्यात पाळीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी पाकीट सुरू केलं. काल रात्री साडेनऊला त्यांच्या खिडकीतूनही गजर ऐकू आला.